'ध'चा 'मा' नक्की कुणी केला?

मराठी माणसाला आनंदीबाई कोण, हे सांगावे लागत नाही. इतिहासाचे पुस्तक आयुष्यात न उघडलेल्या माणसालाही एवढे पाठ असते : राघोबादादाने 'नारायणरावास धरावे' असे लिहून दिले, त्याच्या बायकोने 'ध'चा 'मा' केला, आणि गारद्यांनी पेशवा कापला. अडीचशे वर्षे झाली. आजही घरात सून जरा बोलू लागली, ग्रामपंचायतीत एखादी बाई कागद वाचून मग सही करते म्हणाली, पक्षात एखादी कार्यकर्ती पुढे आली की कुणीतरी हसत म्हणतोच, "ही आनंदीबाई आहे, सांभाळून राहा."

या लेखाचा प्रश्न सरळ आहे. एका खुनाच्या कथेत खून करवणारा पुरुष बाजूला कसा सरकला आणि त्याची बायको मध्यभागी कशी आली? दुसरा प्रश्न आपल्यासाठी आहे, म्हणजे स्वतःला आंबेडकरी म्हणवणाऱ्यांसाठी. तो शेवटी विचारणार आहे आणि तो काहींना झोंबेल.

पहिल्यांदा रंगभूमी पाहू. कारण आनंदीबाईची आज जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे, ती दप्तरातून आलेली नाही, ती नाटकातून आली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आले. त्याआधी दोनच वर्षे, १९०७ मध्ये, सुरतेला काँग्रेस फुटली होती. घरातल्या भांडणातून परक्याचे राज्य कसे येते, हा त्या काळच्या प्रेक्षकाला भिडणारा विषय होता. राघोबा सत्तेसाठी आसुसलेला पण कच्च्या मनाचा, आनंदीबाई त्याला पुढे ढकलणारी, रामशास्त्री निर्भीड न्यायाधीश. शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' वाचलेल्या कुणालाही हा साचा लगेच ओळखू येतो. कचरणारा नवरा आणि त्याच्या पौरुषाला डिवचून हातात खंजीर देणारी बायको.

हा साचा मराठीला इतका आवडला की 'मॅकबेथ' स्वतःही आपल्याकडे एकदा नव्हे, अनेकदा आले. शि. म. परांजप्यांनी त्यावरून 'मानाजीराव' लिहिले, शिरवाडकरांनी 'राजमुकुट' लिहिले. दुर्गा खोटे यांनी 'राजमुकुट'मधली ती राणी केली आणि 'भाऊबंदकी'मधली आनंदीबाईही केली. प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री' चित्रपटात ललिता पवारांनी आनंदीबाई उभी केली. अभिनेत्री सगळ्या थोर होत्या, त्यांच्या कलेबद्दल इथे वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या हाती दिलेल्या बाईबद्दल.

नाटकाचे नावच बघा. 'भाऊबंदकी'. भाऊबंदकी कोण करतो? भाऊबंद. पेशव्यांच्या घरात वाटणीचा हक्क पुरुषांना, गादीचा हक्क पुरुषांना, फौज पुरुषांची, कारभारी पुरुष. म्हणजे भांडण पूर्णपणे पुरुषांच्या मालमत्तेचे आणि पुरुषांच्या गादीचे. त्यात ज्या व्यक्तीला कायद्याने काहीही मिळणार नव्हते, तिच्याच माथी सगळ्याचे मूळ मारले गेले. रामशास्त्री शिक्षा राघोबाला सांगतो, हे खरे. पण प्रेक्षक घरी जाताना शिव्या कुणाला देत जातो? 'राघोबा' ही मराठीत शिवी झाली नाही. 'आनंदीबाई' झाली.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाडा. राघोबा तेव्हा पुतण्याच्या नजरकैदेत होता. नारायणराव अठरा वर्षांचा. गारदी पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून वाड्यात घुसले. कटात ज्यांची नावे येतात ती अशी : सुमेरसिंग, महंमद इसाफ, खरगसिंग हे गारद्यांचे सरदार, तुळाजी पवार हा राघोबाचा माणूस, आणि सखाराम हरी गुप्ते. हे शेवटचे नाव लक्षात ठेवा. गुप्ते कायस्थ प्रभू. नारायणरावाच्या कारकिर्दीत प्रभूंच्या वेदोक्त कर्मांवर निर्बंध घालणारे ग्रामण्य पेटले होते, त्याची हकिकत प्रबोधनकार ठाकरे यांनी ग्रामण्यांच्या इतिहासात मांडली आहे. म्हणजे या खुनाच्या मागे थकलेला पगार आहे, काका-पुतण्याचे सत्तेचे वैर आहे आणि वर्णवर्चस्वाच्या भांडणाचा धूरही आहे. हे सगळे राजकारण आहे. नाटकाने ते सगळे गुंडाळून एका बाईच्या कपाळावरच्या आठीत बसवले.

ती चिठ्ठी कुणी पाहिली? ग्रँट डफच्या १८२६ साली छापलेल्या इतिहासात ही अक्षरबदलाची गोष्ट येते, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी, आणि तीही लोकांची सर्वसाधारण समजूत म्हणून येते. ज्या समजुतीला पुरावा म्हणून मूळ कागद दाखवता येत नाही, ती आपण शाळेत, कीर्तनात आणि नाटकात इतिहास म्हणून शिकवली.

क्षणभर समजा की चिठ्ठी खरी होती आणि अक्षर तिनेच बदलले. तरी हिशेब करा. 'धरावे' म्हणजे काय? गादीवर बसलेल्या पेशव्याला भाडोत्री सशस्त्र माणसांकडून त्याच्याच वाड्यात पकडावे. हा राजद्रोह आहे. हा कट राघोबाचा आहे, हे ती दंतकथाच कबूल करते. दुसरे म्हणजे, गारदी मागे लागल्यावर पोरगा धावत कुणाकडे गेला? काकाकडे. 'काका, मला वाचवा' ही हाक तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ती हाक ऐकू येत होती तेव्हा राघोबाच्या समोर चिठ्ठी नव्हती, पुतण्या होता. तेव्हा 'ध' काय आणि 'मा' काय? 'थांबा' म्हणायला कोणते अक्षर लागत होते? चिठ्ठीची गोष्ट सांगण्याचा उपयोग एकच. त्या खोलीत उभा असलेला पुरुष आपल्या नजरेआड होतो.

आणखी एक गंमत पाहा. या दंतकथेत बाईचा गुन्हा नेमका काय आहे? तिने तलवार उचलली नाही, विष घातले नाही. तिने लेखणी उचलली. तिला अक्षर कळत होते. ज्या समाजाच्या शास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला वेद नाकारला, त्या समाजाच्या सर्वांत गाजलेल्या खलनायिकेचे हत्यार लेखणी असावे, हा योगायोग नाही. बाईच्या हाती अक्षर गेले की अनर्थ होतो, हीच शिकवण आहे. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या सावित्रीमाईंवर शेण कोणत्या भीतीने फेकले गेले, ते यावरून समजून घ्या.

आता जिच्यावरून हा साचा आला त्या मूळ बाईचे काय? शेक्सपिअरने 'मॅकबेथ' साधारण १६०६ मध्ये लिहिले. खरा मॅकबेथ अकराव्या शतकातला. त्याने डंकन राजाला झोपेत भोसकले नव्हते, डंकन १०४० साली लढाईत पडला आणि मॅकबेथने पुढे सतरा वर्षे राज्य केले. त्याच्या बायकोचे नाव ग्रुओख. ती राजघराण्यातली होती, तिचा पहिला नवरा जाळून मारला गेला होता, आणि तिच्या नावावर इतिहासात जी ठोस गोष्ट सापडते ती आहे नवऱ्यासोबत एका मठाला दिलेले जमिनीचे दान. खून नाही, चिथावणी नाही. नाटककाराने जुन्या बखरींतून दुसऱ्याच एका खुनाची हकिकत उचलली, तिच्यातली चिथावणारी बायको या राणीच्या जागी बसवली, आणि ग्रुओखचे नावही पुसले. नाटकात तिला स्वतःचे नाव नाही, ती फक्त मॅकबेथची बायको आहे.

नाटक नीट वाचले तर तेही वेगळेच सांगते. राज्याचा लोभ मॅकबेथच्या मनात चेटकिणींचे भाकीत ऐकताच येतो, बायको अजून रंगमंचावर आलेलीही नसते. ती येते ती नवऱ्याचे पत्र वाचत. म्हणजे तिथेही एक पत्र आहे आणि ते नवऱ्यानेच लिहिले आहे! पहिल्या खुनानंतरचे खून तो तिला न विचारता करतो. बँकोला मारायचे ठरवतो तेव्हा तिला सांगतही नाही. शेवटी ती झोपेत हात धूत फिरते आणि पडद्याआड मरते. तो मात्र हातात तलवार घेऊन, वीरासारखा लढत, सगळ्यांच्या समोर मरतो. अपराधाची वाटणी अशी झाली की रक्त बाईच्या हाताला आणि शौर्य पुरुषाच्या वाट्याला.

हे विलायतेचे झाले. आपल्या वैतरणेच्या काठावर या.

पुराणातली वैतरणी म्हणजे पापी माणसाला ओलांडावी लागणारी नरकाची नदी. ब्राह्मणाला गाय दान दिली तर तिची शेपटी धरून पार होता येते, असे गरुडपुराणाचे दुकान सांगते. आमची वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. ती ओलांडायला गाय लागत नाही, विरारहून गाडी पकडली की झाले. नदीच्या दक्षिणेला वसई तालुका, उत्तरेला पालघर. आता या मातीचा राघोबाशी काय संबंध, ते ऐका.

६ मार्च १७७५ रोजी राघोबाने सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीने फौज द्यायची, त्याला गादीवर बसवायचे. बदल्यात त्याने देऊ केले साष्टी आणि वसई. म्हणजे आपला मुलूख. हा तह कुणा बाईने बदललेल्या चिठ्ठीवर झाला नाही, त्यावर राघोबा बिनदिक्कत पेशवा म्हणून राजी झाला. तेव्हा आनंदीबाई कुठे होती? तिला गरोदरपणी धारच्या किल्ल्यात मागे ठेवून हा गुजरातेत निघून गेला होता. १० जानेवारी १७७५ ला ती तिथे बाळंत झाली. मूल दोन महिन्यांचेही झाले नव्हते, तेव्हा बापाने सुरतेत वसईचा सौदा केला.

ते मूल म्हणजे दुसरा बाजीराव. त्याने ३१ डिसेंबर १८०२ ला खुद्द वसईत इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज स्वीकारून पेशवाईचे स्वातंत्र्य कंपनीच्या हवाली केले. त्याची आई १७९४ मध्येच मेली होती. दोन पुरुष, बाप आणि मुलगा. दोन तह. दोन्हींत वसई. आणि या किनाऱ्यावरच्या माणसाला पाठ काय आहे? 'ध'चा 'मा'. एका बाईने न लिहिलेले एक अक्षर आपण पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले आणि पुरुषांनी मान्य केलेले दोन अख्खे तह विसरलो.

शिक्षेचाही हिशेब मांडू. गारद्यांना पुढे पकडून मारले गेले. राघोबाला १७८२ च्या सालबाईच्या तहाने महिना २५ हजार रुपये नेमणूक मिळाली आणि तो १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला वारला. आनंदीबाई त्यानंतरही मरेपर्यंत कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात राहिली. ज्याच्यावर न्यायाधीशाने खुनाचा ठपका ठेवला त्याला तनखा, आणि जिच्यावर दंतकथेने ठपका ठेवला तिला कैद व अडीचशे वर्षांची बदनामी.

त्या घरात वर्षा-दीड वर्षाच्या आत तीन बायका आपल्यासमोर येतात. पहिली रमाबाई, थोरल्या माधवरावाची बायको, नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला नवऱ्याच्या चितेवर सती गेली. दुसरी गंगाबाई, नारायणरावाची विधवा, गरोदर होती म्हणून कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवले. १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या पोराला पेशवाईची वस्त्रे आली. तिसरी आनंदीबाई. जळाली तिला देवी केले, तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या. जिच्या पोटात वारस होता तिला किल्ल्यावर जपले. जिला स्वतःला काही हवे होते तिला राक्षसीण केले.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात टिकते ती स्त्रीवर ताबा ठेवून, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवले. नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचे काय करायचे? तिला जाळा, नाहीतर तिच्यावर सक्तीचे वैधव्य लादा. पेशव्यांचे घर म्हणजे या सिद्धांताचे जिवंत उदाहरण होते. चित्पावन घराची बाई आज्ञेत असेल तर पूज्य, आज्ञेबाहेर असेल तर कारस्थानी. खाडिलकरांच्या प्रेक्षकाला आनंदीबाईचा राग का आला, याचे उत्तर नाट्यशास्त्रात शोधू नका. ते मनुस्मृतीत आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे जाळले, त्यात या खलनायिकेची संहिताही होती असे मी समजतो.

कुणी म्हणेल, नाटक आहे हो, नाटकाला कशाला इतके गंभीर घेता? बरोबर. मग १९७२ आठवा. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' पुण्यात आले. त्यात नाना फडणवीस लंपट दाखवला, पुण्याचे ब्राह्मण बावनखणीत जाताना दाखवले. लगेच केवढा गहजब! इतिहासाचे विकृतीकरण झाले, थोर मुत्सद्द्याची बदनामी झाली, जातीचा अपमान झाला. नाटक जर्मनीला निघाले तेव्हा पुन्हा गदारोळ. म्हणजे नाटकातल्या ऐतिहासिक माणसाची बदनामी होऊ शकते, हे यांना चांगले कळते. पण १९०९ पासून आनंदीबाई रंगमंचावर खुनी म्हणून उभी आहे, आणि तिच्या अब्रूसाठी त्या गोटातून असा मोर्चा निघालेला नाही. नाना मुत्सद्दी, कारण तो पुरुष. त्याने डाव टाकला तर ती चाणक्यनीती, तिने टाकला तर ते बाईचे कारस्थान.

आता आपल्यातलेच कुणी विचारतील, पेशव्याच्या बायकोची वकिली आंबेडकरी माणसाने का करावी? ज्या राज्यात आमच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला खराटा बांधला गेला, त्या राज्याच्या राणीचे आम्हाला काय?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. मी तिची वकिली करत नाही. ती त्या जातव्यवस्थेची लाभार्थी होती. पेशवाईत कुणबिणी विकल्या-विकत घेतल्या जात. कष्ट त्यांचे, ऐश्वर्य वाड्याचे. ३० ऑगस्टला नारायणरावाबरोबर चाकर आणि दासीही कापल्या गेल्या. त्या दासींची नावे 'काका, मला वाचवा' म्हणणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नाहीत. आपण रडायचेच असेल तर त्यांच्यासाठी रडू. आणि आनंदीबाई धुतल्या तांदळासारखी होती, असेही माझे म्हणणे नाही. तिला सत्ता हवी असेल, कटाची माहिती असेल, तिने नवऱ्याला चिथावलेही असेल. ते पुराव्याने सिद्ध करा आणि तिच्या वाटचा दोष तिला द्या. पण तिच्या वाटचा. नवऱ्याच्या वाटचा नाही.

मला भांडायचे आहे ते त्या फूटपट्टीशी. कारण ती फूटपट्टी शनिवारवाड्यातून निघून आमच्या पाड्यावर पोचली आहे.

पालघर, डहाणू, जव्हारच्या पाड्यांवर 'भुताळी' हा शब्द कुणाला सांगावा लागत नाही. पोर आजारी पडते, दवाखाना लांब, रस्ता नाही, डॉक्टर जागेवर नाही. मग बोट दाखवले जाते एखाद्या बाईकडे, बहुतेक वेळा एकट्या, विधवा किंवा जमिनीचा तुकडा नावावर असलेल्या बाईकडे. शहरातले सुशिक्षित यावर हसतात, अडाणी आदिवासी म्हणतात. अहो, तुम्ही वेगळे काय केलेत? राज्य बुडाले, त्याची कारणे फौजेत, खजिन्यात आणि जातिभेदात होती. तुम्ही बोट दाखवले एका बाईकडे. आदिवासी पाड्यावरच्या भगताने भुताळी शोधली आणि पुण्याच्या नाटककाराने आनंदीबाई शोधली. फरक एवढाच की भगतावर २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि नाटकाला टाळ्या आहेत.

ग्रामपंचायतीत बघा. ७३ व्या घटनादुरुस्तीने बाईला जागा दिली, महाराष्ट्राने २०११ मध्ये ती निम्म्यावर नेली. काय झाले? 'सरपंचपती' नावाचे नवे पद तयार झाले. खुर्ची तिची, शिक्का त्याच्या खिशात. ती गप्प बसली तर 'बाहुली'. ती बोलू लागली, ठराव वाचू लागली, पाणीयोजनेचे बिल तपासू लागली तर 'आनंदीबाई'. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी बायका पगारपत्रक मागतात तेव्हाही त्यांच्या नवऱ्यांना हेच ऐकवले जाते, की बायकोला आवर, तिच्या नादाने तुझेही काम जाईल. या राज्यात बाईने कागद मागणे हा अजूनही गुन्हा आहे.

आता तो दुसरा प्रश्न, जो मी शेवटासाठी ठेवला होता.

आंबेडकरी चळवळीने स्वतःची आनंदीबाई उभी केली नाही का?

डॉ. शारदा कबीर. जन्माने सारस्वत ब्राह्मण, पेशाने डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी बाबासाहेबांशी लग्न केले आणि सविता आंबेडकर झाल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि आपल्यातल्याच लोकांनी कुजबुज सुरू केली : बाईने मारले. सरकारी चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष आला. कुजबुज थांबली नाही. वर्षानुवर्षे त्या चळवळीबाहेर, दिल्लीत एकट्या राहिल्या. पुढे पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा आपल्यात आणले, १९९० मध्ये त्यांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन आले, २९ मे २००३ ला त्या गेल्या. आणि आजही सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तीच कुजबुज ऐकू येते.

माईसाहेबांच्या निर्णयांवर मतभेद जरूर असू द्या. त्यांची भूमिका तपासा, टीका करा. पण मधुमेहाने, सांधेदुखीने आणि पराकोटीच्या श्रमाने झिजलेल्या शरीराचा मृत्यू समजून घ्यायला आपल्याला एक विषकन्या का लागली? ज्या बापाने आपल्याला पुरावा मागायला शिकवले, त्याच्याच मृत्यूबद्दल आपण पुराव्याशिवाय बोलत राहिलो.

आणि इथे ती अक्षराची गोष्ट उलटी होते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी मार्च १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात त्यांनी आपले आयुष्य लांबल्याचे आणि ग्रंथ पूर्ण होऊ शकल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. १९५७ मध्ये ग्रंथ छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती पुढे वेगळी प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना कळले. बाबासाहेबांच्या स्वतःच्या हातचा, स्वतःच्या बायकोबद्दलचा मजकूर गाळला गेला!

मग सांगा, 'ध'चा 'मा' कुणी केला? शनिवारवाड्यातल्या बाईने अक्षर बदलले याचा कागद सापडत नाही. बाबासाहेबांचा कागद मात्र आहे, आणि तो वगळला गेला हेही सिद्ध आहे. तो वगळण्यासाठी आनंदीबाईची गरज पडली नाही.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की ते समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हिंदू कोड बिलाचे मातेरे झाले म्हणून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. बाईला वारसा मिळावा, घटस्फोट मिळावा, तिचे नाव सातबाऱ्यावर लागावे यासाठी सत्तेवर पाणी सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. त्यांच्या अनुयायांना 'बाईच्या नादाने बिघडला' ही भाषा शोभत नाही.

म्हणून दोन मागण्या करतो, आणि त्या आपल्याच लोकांकडे करतो.

एक. आपल्या विहारांत, वाचनालयांत, १४ एप्रिलच्या कार्यक्रमांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, तिथे ती गाळलेली प्रस्तावना मोठ्याने वाचली जावी. वसईपासून डहाणूपर्यंत जिथे जिथे निळा झेंडा आहे तिथे हे करता येईल, त्याला खर्च शून्य आहे.

दोन. २५ डिसेंबर आपण स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी पोरांनी नाटक बसवावे. शनिवारवाड्याचेच बसवावे. फक्त त्या रात्रीचा खटला नव्याने चालवावा. आरोपीच्या पिंजऱ्यात राघोबा असू द्या. साक्षीला मेलेल्या दासी येऊ द्या, त्यांना नावे द्या. आनंदीबाईलाही बोलवा, उलटतपासणी घ्या, तिला सोडू नका. पण शेवटी न्यायाधीशाने तो एकच प्रश्न राघोबाला विचारावा, जो इतकी वर्षे कुणी विचारला नाही :

"पोरगा तुझ्या कमरेला मिठी मारून उभा होता. चिठ्ठीत काहीही असो. तू 'थांबा' का म्हणाला नाहीस?"

याचे उत्तर राघोबाला देऊ द्या. त्याच्या बायकोकडे पाहू नका.

जय भीम.